पिठावरची वाट

दाण्यातला किडा वेगळा आणि पिठातला वेगळा, हे मला बाराखडीच्या आधी कळलं. माझ्या मायला अक्षरओळख नव्हती, पण डब्यातल्या किड्यांची तिला गल्लीतल्या माणसांपेक्षा जास्त पारख होती. गल्लीतली माणसं नवीन होती, आमच्यासारखीच खानदेशातून सुरतेला लूमवर कामाला आलेली. किडे मात्र तिचे जुने ओळखीचे. फक्त इथे त्यांची भरभराट जास्त होती.

गावाकडे म्हणे वर्षाची दादर एकदा कडुनिंबाचा पाला घालून कोठीत भरली की वर्षभर तिच्याकडे बघायला नको. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी. सुरतेत तीच दादर दोन महिन्यांत हलकी व्हायची. खाडीची हवा, समुद्राची हवा, आणि पावसाळ्यात तर भिंतीला हात लावला की हात ओला. आमचं घर डिंडोलीत, एकाला एक चिकटलेल्या खोल्यांच्या ओळीत. पुढे एक खोली, मागे स्वयंपाकघर, स्वयंपाकघरातच मोरी. वर मालकाची अगाशी, म्हणजे गच्ची, होती आणि तिथे धान्य वाळवायला परवानगीही होती, पण परवानगी असायची तेव्हा ऊन नसायचं आणि ऊन असायचं तेव्हा मालकीणबाईंचे पापड असायचे.

मायने मला किडे ओळखायला शिकवलं ते हौस म्हणून नाही. कोणता किडा आहे हे कळल्याशिवाय उपाय कळत नाही. सोंडेचा काळा टोका दादरमध्ये आणि गव्हात. तो दाणा आतून खातो आणि वरून दाणा शाबूत दिसतो. त्याला ऊन आणि पाला. मुगाला गोल भोक पाडून बाहेर येतो तो भुंगेरा, त्याला राख. तूरडाळीला एरंडेल चोळायचं म्हणजे काहीच लागत नाही. रव्यात पांढरी जाळी दिसली तर समजायचं की पंधरा दिवसांमागे एक करडी पाकोळी डब्यावर बसून गेली. तो रवा भाजूनही उपयोग नाही. गुळाचा डबा पाण्याच्या ताटलीत ठेवायचा, मुंग्यांसाठी. मुंगीवर तिचा फार राग नव्हता. मुंगी उघड येते आणि उघड जाते, म्हणायची.

तिचा खरा राग पिठातल्या तांबड्या किड्यावर. चपटा, तिळाएवढा, पिठाखाली लपून बसणारा. तो दिसत नाही, त्याची वाट दिसते. माय परातीत पीठ पसरायची, तळव्याने वरून सारखं करायची, परातीवर टोपली झाकायची आणि दुसऱ्या कामाला लागायची. थोड्या वेळाने टोपली उचलून मला बोलवायची. पिठावर नागमोडी रेषा उमटलेल्या असायच्या, बारीक, दोरा ओढल्यासारख्या. मुंगी पिठावरून गेली तर ठिपके पडतात आणि ती सरळ जाते, आल्या वाटेने परत जाते. तांबडा किडा खालून नांगरत जातो, कुठेही वळतो आणि मध्येच बुडी मारतो, तिथे रेघ संपते. हे मला तिने इतक्या वेळा दाखवलं की मी कंटाळून डोळे मिटून सांगायची. रेषा दिसल्या की पीठ दोनदा चाळायचं, डबा धुऊन वाळवायचा, पुन्हा भरायचं. तांबडे किडे पडलेल्या पिठाच्या भाकरीला उग्र वास येतो. तो वास ज्याने घेतला आहे त्याला सांगावं लागत नाही.

मला या सगळ्याचा वैताग होता. मी चौदा वर्षांची होते, नववीत. धाकटी बहीण चार वर्षांची, तिला कडेवर घेऊन मी अभ्यास करायची. बा उधन्याला लूमवर बारा तासांच्या पाळीत. तो घरात फार कमी बोलायचा. लूमच्या खडखडाटात दिवसभर बोलून उपयोग नसतो आणि तीच सवय घरी येते. माय घरी बसून साड्यांचे लोंबते धागे कापायची, त्यातून उठून स्वयंपाक, त्यातून उठून चाळणी. तिच्या हाताला कामाची खोड होती आणि माझ्या हाताला काम टाळायची.

आषाढात मायला कावीळ झाली. आधी गळ्यात माळ घातली, मग उसाचा रस, मग डॉक्टर, मग सरकारी दवाखाना. तिथे दहा दिवस ठेवून घेतलं आणि मग घरी न्या म्हणाले. घरी न्या याचा अर्थ बाला कळला होता. मला तो बरी झाली असा वाटला, इतकी मी बावळट. तिने अंथरूण स्वयंपाकघरात घालायला सांगितलं. तिथली फरशी गार होती, आणि पडल्या पडल्या तिला फळीवरचे डबे दिसायचे.

डबे दिसले की तिला चैन पडेना. तीन आठवडे आम्ही खिचडीवर आणि शेजारच्या मावशीने आणून दिलेल्या पोळ्यांवर काढले होते. ही मावशी म्हणजे भिंतीपलीकडची शेजारीण, आमच्याच तालुक्यातली. दादरच्या पिठाचा डबा इतके दिवस कुणी उघडलाच नव्हता. एका सकाळी पाऊस थांबून ऊन पडलं आणि माय म्हणाली, "पीठ चाळी ले, पोरी. सुरतनी हवा शे, कीड लागी जाई."

मी डबा, चाळणी, परात सगळं उचललं आणि अगाशीवर गेले. मायसमोर चाळायला बसले असते तर ती मध्ये मध्ये सांगत राहिली असती, म्हणून वर गेले. वर ऊन छान होतं. खाली मोरीत मायचे कपडे धुवायचे पडले होते, बहिणीला आंघोळ घालायची होती, तीन आठवड्यांची शाळा बुडाली होती. मी कठड्याला टेकून बसले आणि रुळांवरून जाणारी गाडी बघत राहिले. आमच्या गावाकडे जाणारी गाडी त्याच रुळांवरून जायची. डब्याचं झाकणसुद्धा मी काढलं नाही. अर्ध्या तासाने सगळं उचलून खाली आणलं आणि डबा फळीवर ठेवला.

"चाळं का?" मायने विचारलं.

"चाळं, माय."

"किडा व्हता का?"

"नही."

तिने मान हलवली. तिच्या चेहऱ्यावर जे समाधान दिसलं ते मला आजही नको वाटतं. म्हणाली, आता चार दिवस काळजी नाही. त्यानंतर ती माझ्याशी घरकामाचं काही बोलली नाही. चौथ्या दिवशी पहाटे ती गेली, त्याच फरशीवर.

बाची मोठी बहीण, आमची फुई, निरोप मिळताच गावाहून निघाली आणि दुपारी पोहोचली. तिच्यासाठीच थांबले होते. अग्नी देऊन माणसं परत आल्यावर फुईने मायच्या जागी दिवा लावला आणि मला म्हणाली, "पोरी, पीठ आन."

आमच्यात ही रीत आहे. माणूस जिथे गेलं तिथे दिव्याशेजारी पीठ पसरतात, हाताने सारखं करतात आणि वर टोपली झाकतात. सकाळी टोपली उचलून बघतात. जी खूण उमटली असेल तो जन्म गेलेल्याला मिळाला असं मानतात. चिमणीचं पाऊल उमटलं तर चिमणी, बाळाचं उमटलं तर माणूस. मी फळीवरून डबा काढला आणि फुईच्या हातात दिला. त्या वेळी माझ्या डोक्यात काहीही नव्हतं, खरंच सांगते. मला कुणी तांदूळ आण म्हटलं असतं तर तांदूळ आणले असते.

सकाळी गल्लीतल्या बाया जमल्या. फुईने टोपली उचलली. पिठावर वाटाच वाटा होत्या. बारीक, नागमोडी, एकमेकींना ओलांडून जाणाऱ्या, आणि मध्येच संपणाऱ्या.

मी बघताक्षणी ओळखलं. ज्या फरशीवर परात ठेवून मायने मला शंभरदा दाखवलं होतं, त्याच फरशीवर, तसंच सारखं केलेलं पीठ आणि तीच टोपली. किडे बाहेरून आलेच नव्हते. ते तीन आठवडे डब्यात होते, मी त्यांना उचलून आणलं होतं.

फुई वाकून बघत होती. म्हणाली, "मुंगीनी वाट शे. घर नही सोडं मन्ही भावजाईनी." बाया हुंदके देत मान डोलवायला लागल्या. मुंगीचा जन्म लहान, लवकर सुटेल, एक म्हणाली. लेकरांत जीव अडकला, दुसरी म्हणाली. खानदेशातल्या या बाया रोज पीठ चाळणाऱ्या, रोज तांबडा किडा बघणाऱ्या. त्यांतल्या एकीलाही ते ओळखता आलं नाही. ते पीठ त्या दिवशी त्यांच्या लेखी पीठच नव्हतं.

मी बोलले असते तर? बोलायचं म्हणजे काय, आई मरणाच्या दारात पडली असताना या पोरीने पीठसुद्धा चाळलं नाही, वर चाळलं म्हणून सांगितलं, हे सगळ्या गल्लीसमोर सांगायचं. झाकली मूठ सव्वा लाखाची. पहिलं कारण हे होतं, लाज. त्याच्यानंतर मी बाच्या तोंडाकडे पाहिलं. आदला सगळा दिवस दगडासारखा बसलेला माणूस टोपलीजवळ गुडघ्यांवर येऊन पिठाकडे बघत होता, आणि पहिल्यांदाच रडत होता. मग तर माझं तोंड शिवल्यासारखं झालं.

फुई जाताना सांगून गेली, "वरीसभर या सयपाकघरमा कोन्हाच जीव लेवाना नही."

उरलेलं पीठ मी त्याच दिवशी डब्यासकट नेऊन खाडीत ओतलं. पुरावा म्हणतात तो तेवढाच होता.

त्यानंतरचे दोन महिने आमच्या घरात किड्यांचं राज्य होतं. बा पाळीवर जायच्या आधी मायच्या जागेवर चिमूटभर साखर ठेवायचा. पावसाळ्यातल्या मुंग्या त्या, त्यांना आमंत्रण लागत नाही, त्यात रोजची पंगत. भिंतीतून, मोरीतून, उंबऱ्याखालून रांगा आल्या. गुळाखालची पाण्याची ताटली बाने काढून घेतली, कुणी बुडायला नको. तो बोलायचा नाही असं मी म्हणाले ना, आता तो साखर ठेवताना बोलायला लागला. पगार झाला, आज लूमचा पट्टा तुटला, धाकटीला खोकला आहे, असं काहीबाही. मायशी ती जिवंत असताना तो इतकं बोलला नव्हता. धाकटी त्याच्याशेजारी उकिडवी बसून मुंग्यांना आपली फाटकी बाहुली दाखवायची.

बरं, नुसत्या मुंग्यांवर भागलं नाही. कोण जाणे कोणत्या जिवात ती असेल, असा बाचा हिशोब. दादर उन्हात टाकली तर टोके मरतील, म्हणून उन्हात टाकायची नाही. पीठ चाळायचं, पण चाळणीतले किडे कागदावर घेऊन कोपऱ्यात हळूच सोडायचे. ते संध्याकाळपर्यंत परत डब्यात. मी ते सोडायची आणि दात-ओठ खायची. दूध गाळून घ्यायची तर गाळण्यात मुंग्या, भाजीत मुंग्या, मळलेल्या पिठात मुंग्या. आपल्या आईच्या नावाने आपण किडे पोसतोय आणि ते किडे आपल्याच आळसाचे आहेत, हे माझ्याशिवाय कुणालाच माहीत नव्हतं. मला रात्रंदिवस त्याचाच संताप यायचा, आणि तो काढायला माझ्याशिवाय कुणी नव्हतं.

एका दुपारी धाकटीला तांबड्या मुंग्या चावल्या. ती साखरेच्या जागेशेजारीच झोपली होती. पापण्या सुजून डोळे मिटले, मानेवर गांधी उठल्या. मी मुंग्यांवर तांब्याभर पाणी ओतलं आणि केरसुणी घेतली. बा नेमका घरी होता. त्याने केरसुणी हिसकून घेतली आणि मला एक मारली. आयुष्यात त्याने मला मारलं ते तेवढंच. म्हणाला, "तुन्ही माय शे ती." मग धाकटीच्या मानेवरची एकेक मुंगी त्याने धोतराच्या सोग्याने उचलली आणि खिडकीत ठेवली.

तेव्हाही मी सांगू शकले असते. सांगितलं नाही. मारल्याच्या रागाने नाही सांगितलं, हे खरं. आता तू भोग, असं मनात आलं.

मग सुरतेत प्लेगची बातमी आली. आमच्या बाया मरी म्हणायच्या. दोन दिवसांत लूम बंद, शाळा बंद, तोंडाला रुमाल बांधलेली माणसं, औषधाच्या दुकानांपुढे झुंबड. गल्ली रिकामी व्हायला लागली. ट्रंका, गोधड्या, पोरं घेऊन सगळे स्टेशनाकडे. गाड्यांच्या टपावर माणसं बसलेली मी अगाशीवरून पाहिली. मावशीने आमचीही बोचकी बांधायला सुरुवात केली, तर बा म्हणाला, "पोरीस्ले लई जा. मी नही येत."

"काब्र?" मावशीने कारण विचारलं.

तो स्वयंपाकघराच्या दारात बसला होता, तसाच बसून राहिला. मावशीला कळलं. ती दिव्याच्या दिवशी तिथेच होती. म्हणाली, "भाऊ, मरेल बाईनाकरता जित्त्या पोरी मारशी का?"

त्यानेही काही फरक पडला नाही. आणि धाकटीने दाराची चौकट धरली. माय येत नसेल तर मी नाही येणार, म्हणून ती अशी किंचाळायला लागली की तिची बोटं सोडवेनात. तिला आणि बाला टाकून मी एकटी कुठे जाणार होते? मावशी रडत गेली. संध्याकाळपर्यंत आमच्या ओळीत फक्त आमच्या घरी चूल पेटली होती. समोरच्या गटारीत दोन मेलेले उंदीर पडले होते, त्यांना उचलायलाही माणूस नव्हता. मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं की आम्ही मरू शकतो, आणि मरण्याचं कारण एक न उघडलेला पिठाचा डबा असेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी पालिकेची माणसं फवारणीला आली. दोघे होते, पाठीवर पंप, तोंडाला कापड. घराघरांत औषध मारत येत होते. उंदरांच्या अंगावरच्या पिसवांनी हा रोग पसरतो, त्या मारायच्या होत्या. पुढच्या खोलीत त्यांनी मारलं. स्वयंपाकघराच्या दारात बा उभा राहिला, दोन्ही हात चौकटीला लावून.

"काका, बाजू पर आवो," त्यातला मोठा म्हणाला. "आखी लाइनमां छांटवानुं छे."

बा हलला नाही. पंपवाल्याने समजावलं, मग आवाज चढवला. धाकटा म्हणाला, पोलिसाला बोलवू. बा म्हणाला, बोलवा. त्याच्या चेहऱ्यावर जी शांतता होती तिची मला भीती वाटली. हा माणूस मार खाईल, तुरुंगात जाईल, प्लेगने मरेल, पण त्या चौकटीतून हलणार नाही.

मी त्या दोघांना दोन मिनिटं बाहेर थांबायला सांगितलं. धाकटीला बाहुली देऊन मावशीच्या बंद घराच्या ओट्यावर बसवलं. परत आले आणि बासमोर उभी राहिले.

"बा, ती मुंगीनी वाट नही व्हती."

त्याने माझ्याकडे पाहिलं.

मी सगळं सांगितलं. डबा, अगाशी, गाडी. तांबडा किडा खालून नांगरत जातो, ठिपके पडत नाहीत, रेघ मध्येच संपते. मायनेच मला शिकवलं होतं, असंही सांगितलं. ते सांगायची गरज नव्हती, पण थांबता आलं नाही.

बाहेर पंपवाला खाकरला. मग बाने विचारलं, "तिनी सांगेल व्हतं का तुले, चाळी ले म्हनीसन?"

"हा."

"आनि तू काय सांगं?"

"चाळं म्हनीसन."

"तिले खरं वाटनं?"

"हा."

मला वाटलं मारेल. मारलं असतं तर बरं झालं असतं. त्याने चौकटीवरचे हात काढले, आधी एक, मग दुसरा, आणि पुढच्या खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून बसला. पंपवाल्यांना म्हणाला, "मारा."

त्यांनी मारलं. फळीवर, मोरीत, चुलीमागे, मायच्या जागेवर. वासाने डोळे चुरचुरत होते. दुपारी मी आत गेले तर फरशीवर मुंग्या पसरलेल्या, काही अजून पाय हलवत होत्या. भिंतीच्या कडेला टोके, भुंगेरे, तांबडे, सगळे एका मापाने. गव्हाबरोबर किडे रगडतात म्हणतात, आमच्याकडे किड्यांबरोबर काय रगडलं गेलं ते बाला ठाऊक. मी केरसुणीला हात लावला तर त्याने ती माझ्या हातातून घेतली, या वेळी हळू. सगळं त्याने झाडलं. सुपडीत गोळा केलं, दारात उजेडात नेऊन एकदा बघितलं आणि टाकून दिलं.

धाकटीला त्याने सांगितलं की माय पुढे गावाला गेली. दुसऱ्या दिवशी आम्ही गाडीत होतो. ती सगळ्या वाटेत गाडीच्या फरशीवर मुंगी शोधत होती.

रोग ओसरल्यावर आम्ही परतलो. शाळा सुरू झाली, लूम सुरू झाले, गल्ली पुन्हा भरली. बाने ती गोष्ट पुन्हा काढली नाही, मावशीला नाही, फुईला नाही, मलाही नाही. मला तो रागावून बोलला नाही. उलट दहावीची फी त्याने न मागता दिली. फक्त चाळणी त्याने स्वतःकडे घेतली. रविवारी सुट्टीच्या दिवशी भिंतीला टेकून परात मांडीशी घ्यायचा आणि आठवड्याचं पीठ चाळायचा. मी दे म्हटलं तर ऐकल्यासारखं करायचा नाही. दोनदा चाळायचा, मग वरून तळव्याने सारखं करायचा, टोपली झाकायचा आणि बाजूला बसून वाट बघायचा. टोपली उचलली की पीठ कोरं असायचं. मग डब्यात भरायचा. त्याची बोटं दोऱ्यांच्या गाठी मारणारी, पिठात ती अवघडलेली दिसायची. पाच वर्षांत माझ्या हाताला चाळणी लागू दिली नाही त्याने. ही शिक्षा होती की दुसरं काही, हे मी त्याला विचारायला हवं होतं. त्याचं उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती.

लूमवरच्या धाग्यांची धूळ छातीत जाऊन जाऊन तो खंगला. शतक संपायच्या आधीच्या थंडीत तो गेला, त्याच स्वयंपाकघरात. अंथरूण तिथेच घाल, असं त्यानेही सांगितलं होतं. फुई आली, आता तिला डोळ्यांनी नीट दिसत नव्हतं. अग्नी देऊन माणसं परतली, दिवा लागला, आणि ती म्हणाली, "पोरी, पीठ आन."

पीठ आदल्याच दिवशी चक्कीवरून आणलेलं होतं. तरी मी चाळणी घेतली. पाच वर्षांनी ती हातात आली तेव्हा तिच्या कडेला जिथे त्याचा अंगठा बसायचा तिथला पत्रा गुळगुळीत झाला होता. मी फुईसमोर, सगळ्यांसमोर बसून पीठ चाळलं. एकदा चाळलं, दुसऱ्यांदा चाळलं, आणि मैद्याच्या बारीक चाळणीतून तिसऱ्यांदा. बाया एकमेकींकडे बघत होत्या. मग ते फरशीवर पसरून सारखं केलं आणि टोपली झाकली.

सकाळी टोपली मीच उचलली. काही नव्हतं. माझ्या तळव्याने सारखं केलं होतं तसंच, पांढरं. मी उजव्या बाजूने बघितलं, डाव्या बाजूने बघितलं, दिवा उचलून जवळ धरला. एखादी रेघ असावी, कसलीही, अर्धी तरी असावी, असं मला वाटत होतं. पिठातला किडा मला आयुष्यात पहिल्यांदाच हवा होता.

"काय दिखस?" फुईने विचारलं.

"काहीच नही, फुई."

"सुटना मना भाऊ," ती म्हणाली आणि हात जोडले. बायांनीही जोडले.

धाकटी माझ्या शेजारी उभी होती. आता नऊ वर्षांची. मायबद्दल तिला जे आठवत होतं ते मुंग्यांचं, साखरेचं आणि बाहुलीचं. ती पिठावर कुणी आल्याची खूण शोधत राहिली, मग माझा हात ओढून हळूच म्हणाली, "ताई, माय उनी व्हती ना? मंग बा काब्र नही उना?"

बाया पांगल्या होत्या. मी पीठ सुपडीत भरायला घेतलं होतं.

"मी पीठ चाळं व्हतं, म्हनीसन," मी तिला सांगितलं.